छत्रीची कुळकथा

पलसाणा चोकडीवर उभं राहिलं की दोन वाटा दिसतात. एक मुंबई-अहमदाबाद हमरस्त्याची. दुसरी बारडोली, व्यारा, नवापूर करत थेट धुळ्याला जाणारी. सुरत जिल्ह्याच्या या तालुक्यात कडोदरा आणि पलसाण्याच्या आसपास कापड रंगवण्याच्या, छापण्याच्या मिला आहेत, चलथाणला साखर कारखाना आहे, आणि या दोन्हींसाठी लागणारे हात बरेचसे त्या दुसऱ्या वाटेने आले आहेत. मिलमध्ये खानदेशातले, ऊसतोडीला नंदुरबार-धुळ्याकडचे. मिलच्या मागच्या अंगाला खोल्यांच्या ओळी असतात. एका ओळीत दहा-बारा दारं, सगळ्यांना मिळून एकच पत्रा, आणि त्या पत्र्याच्या कडेला आठ-नऊ छत्र्या.

छत्र्या म्हणजे डिश अँटेना. कंपनीचं नाव, बँडचं नाव, व्यास, यातलं काही इथे कुणी सांगत नाही. 'छत्री वाकडी झाली', 'छत्री बसवून घेतली', 'माकडाने छत्री हलवली' एवढ्यात सगळं येतं. गुजरातीत, हिंदीत आणि मराठीत शब्द तोच, त्यामुळे तिघांचं भांडणही एकाच शब्दावर होऊ शकतं.

एका संध्याकाळी ही छत्री बसवण्याचा सोहळा पाहिला. पत्र्यावर एक तरुण, हातात पाना. खाली दारात त्याचा धाकटा भाऊ, आतल्या टीव्हीकडे मान वळवून. वरून प्रश्न, "उनं का?" खालून, "नही." वरचा अर्धं बोटभर सरकवतो. "आते?" "नही." पुन्हा केसभर. मग एकदम आतून बाईच्या आवाजात बातम्या सुरू होतात आणि धाकटा ओरडतो, "उनं, भाऊ, उनं! हात काढ!" हात काढल्याबरोबर चित्र गेलं. मग पुन्हा पहिल्यापासून. अहिराणीतल्या या चार शब्दांत एक माणूस छत्तीस हजार किलोमीटरवरच्या वस्तूवर नेम धरत होता.

नेमाचा हिशोबही सांगता येतो. दूरदर्शनची फुकट सेवा, डीडी फ्री डिश, ज्या जीसॅट-15 उपग्रहावरून येते तो विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर आहे. पलसाण्याहून पाहिलं तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 56 अंश वर येतो. छत्रीकडे पाहून मात्र हे पटत नाही. ती एवढी वर बघताना दिसत नाही, जवळजवळ उभीच वाटते. कारण या छोट्या डिशचा आकार मधोमध नेम धरणारा नसतो. मोठ्या वाटीचा बाजूचा तुकडा कापून काढावा तशी ती असते, म्हणून वरून आलेली लहर खालच्या दांड्यावरच्या, ती पकडणाऱ्या डबीत, एलएनबीत जाऊन पडते. छत्रीची नजर तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

या वस्तूला छत्री म्हणावं हे कुणाला सुचलं, त्याची नोंद कुठे सापडणार नाही. पण शब्दाचं घराणं मोठं आहे. संस्कृतातल्या छत्राचा अर्थ झाकणारं, आडोसा करणारं. त्या छत्राखाली राजा बसला की छत्रपती, राजाच्या समाधीवर उभारली की छत्री, आणि पावसाळ्यात उकिरड्यावर एका रात्रीत उगवली की कुत्र्याची छत्री. या सगळ्या छत्र्यांचं काम एकच, वरून येणारं अडवणं. डिशची छत्री मात्र उलटी धरलेली आहे. आभाळातून जे पडतं ते ती अंगावर घेते आणि घरात पोचवते. गंमत म्हणजे घराण्याच्या मूळ धंद्यात ती अगदीच कच्ची: जोराचा पाऊस आला की सगळ्यात आधी हीच निकामी होते.

कुळकथेत बापाच्या घराण्याइतकंच आजोळही सांगायचं असतं. छत्रीचं आजोळ विज्ञानकथेचं आहे.

1945 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एक लेख आला. लेखक ब्रिटिश हवाई दलात रडारवर काम केलेला सत्तावीस वर्षांचा तरुण, आर्थर सी. क्लार्क. त्याचं म्हणणं असं, की विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटरवर एखादी वस्तू फिरत ठेवली तर तिची एक फेरी चोवीस तासांची होते. पृथ्वीही तेवढ्याच वेळात फिरते, म्हणून खालून पाहणाऱ्याला ती वस्तू जागची हलतच नाही. अशी तीन ठाणी एकमेकांपासून सारख्या अंतरावर ठेवली की जवळजवळ सगळ्या पृथ्वीवर प्रक्षेपण करता येईल. या कक्षेचं गणित त्याच्याही आधी, 1928 मध्ये, हर्मान पोटोच्निक या ऑस्ट्रियन सैन्यातल्या अभियंत्याने मांडलं होतं. तिचा उपयोग संदेश वाहायला करावा हा धागा क्लार्कने पक्का केला. लेखाचे त्याला पंधरा पौंड मिळाले. पुढे अब्ज डॉलर कसे हुकले या अर्थाचं शीर्षक देऊन त्याने त्यावर एक निबंधच लिहिला.

लेखात एक मजेशीर जागा आहे. क्लार्कच्या ठाण्यांवर माणसं राहणार होती. त्या काळच्या रेडिओत काचेच्या नळ्या असत आणि त्या सारख्या जळत. वर कुणीतरी राहून त्या बदलायला नकोत का? ट्रान्झिस्टर अजून जन्मायचा होता. म्हणजे भूस्थिर कक्षेचं गणित त्याने अचूक मांडलं, आणि तिथे बसवला तो नळ्या बदलणारा वायरमन.

तरी ही कल्पना अवकाशातून आपोआप टपकली नव्हती. 1942 पासून अमेरिकेतल्या 'अस्टाउंडिंग' या विज्ञानकथांच्या मासिकात जॉर्ज ओ. स्मिथ हे रेडिओ अभियंता शुक्राच्या कक्षेतल्या एका संदेश-ठाण्याच्या कथा लिहीत होते. ग्रहाग्रहांतले निरोप पुढे पाठवणं हे त्या ठाण्याचं काम. पुढे क्लार्कने या कथांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. म्हणजे छत्रीचं आजोळ असं: मासिकातली गोष्ट, ती वाचणारा रडारवाला, आणि त्याचा पंधरा पौंडांचा लेख.

बापाकडचं घराणं अभियंत्यांचं. त्याची आपल्याकडची पहिली शाखा अहमदाबादेत निघाली. 1967 मध्ये विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने तिथे प्रायोगिक उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. पाठोपाठ जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ आर्वीला, परदेशांशी दळणवळण करणारं मोठं केंद्र आलं. त्याची थाळी जवळपास 30 मीटर व्यासाची. 1972 साली या केंद्राला साराभाईंचं नाव देण्यात आलं, तेव्हा त्यांना जाऊन दोन-तीन महिनेच झाले होते. द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या त्या मुलखात एवढी मोठी थाळी आभाळाकडे तोंड करून बसलेली पाहणं हे त्या वेळच्या माणसाला काय वाटलं असेल, ते आजच्या पोराला समजावणं अवघड आहे. त्याच्या घरावर तिची नात आहे.

1969 च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला तेव्हा आपल्याकडे टीव्ही फक्त दिल्लीत होता. मुंबईचं दूरदर्शन केंद्र सुरू व्हायला 2 ऑक्टोबर 1972 उजाडावं लागलं. त्यामुळे मराठी माणसाने चंद्रावरचं पाऊल रेडिओवर ऐकलं आणि वर्तमानपत्रात पाहिलं. चांद्रवीर मात्र ऑक्टोबरात स्वतःच मुंबईला येऊन गेले. चित्र यायच्या आधी माणसं आली.

त्याच वर्षी, सप्टेंबर 1969 मध्ये, साराभाईंनी नासाशी एक करार केला. अमेरिकेने आपला एक उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला द्यायचा आणि भारताने त्यावरून थेट खेड्यांत टीव्ही दाखवायचा. शहरात आधी, खेड्यात मग, हा नेहमीचा क्रम साराभाईंना मोडायचा होता. मनोरे उभे करत जिल्ह्याजिल्ह्याने पुढे सरकत बसण्यापेक्षा एकदम आभाळातूनच का येऊ नये?

हा प्रयोग म्हणजे 'साइट'. 1 ऑगस्ट 1975 ला सुरू झाला आणि 31 जुलै 1976 ला संपला. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत सामुदायिक टीव्ही संच बसवले गेले. ज्या उपग्रहावरून हे येत होतं तो एटीएस-6, आणि तो स्वतःच एक छत्री होता. त्याची अँटेना उघडल्यावर तीस फूट रुंद. एवढी मोठी वस्तू अग्निबाणाच्या टोपीत मावणार कशी? म्हणून 48 ॲल्युमिनियमच्या काड्यांवर तांब्याचा मुलामा दिलेल्या कापडाची जाळी ताणली होती, आणि उडताना त्या काड्या मधल्या तुंब्याभोवती गुंडाळून ठेवल्या होत्या. वर गेल्यावर बंध सुटले आणि काड्या फाकल्या. आपण पावसात दारातून बाहेर पडताना बटण दाबतो, तेच.

वरच्या छत्रीचं तोंड मोठं आणि आवाज जोरकस, म्हणून खालची छत्री स्वस्तातली चालणार होती. पण स्वस्त म्हणजे किती? अहमदाबादच्या अभियंत्यांनी दहा फुटी थाळी केली ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची. हे ऐकून पाहुणे हसत असावेत. पण त्यामागे शुद्ध भौतिकशास्त्र आहे. साइटचं प्रक्षेपण 860 मेगाहर्ट्झवर होतं. या लहरीची लांबी साधारण 35 सेंटिमीटर, म्हणजे वितीच्या दीडपट. खुराड्याच्या जाळीचं भोक इंचभराचं. एवढ्या लांब लहरीला ते भोक दिसतच नाही, तिच्या लेखी तो सलग पत्रा. आणि पत्र्यापेक्षा जाळीचा फायदा असा की वारा आरपार जातो, वजन कमी, वाकली तर गावातला लोहार सरळ करतो. उजेडाला जी चाळण, ती रेडिओला आरसा.

हा प्रयोग चालवणाऱ्यांत मराठी माणसं पुढे होती. कार्यक्रम व्यवस्थापक होते एकनाथ वसंत चिटणीस, कोल्हापूरचे. अग्निबाण सोडण्यासाठी थुंब्याची आणि श्रीहरिकोट्याची जागा निवडण्यातही त्यांचा वाटा होता. वयाची शंभरी पूर्ण करून ते 2025 मध्ये पुण्यात गेले. तांत्रिक बाजूच्या प्रमुखांत पुण्यात जन्मलेले, बडोद्यात शिकलेले प्रमोद काळे. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक तेव्हा यशपाल होते. कार्यक्रम सकाळी शाळेतल्या मुलांसाठी दीड तास, संध्याकाळी मोठ्यांसाठी अडीच तास. विषय शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, विज्ञान. वीज नसेल तिथे बॅटरीवर. भाषा हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड. मराठी नाही, कारण महाराष्ट्र या प्रयोगात नव्हता. गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीजच्या मनोऱ्यावरून गुजरातीतले कार्यक्रम जात, पण ती वेगळी शाखा.

आणि आता आजोळची माणसं बापाच्या घरी येतात. क्लार्क त्या वेळी कोलंबोत राहत होता. साइट सुरू झाल्यावर भारताने त्याला एक मोठी अँटेना भेट दिली, इस्रोच्या अभियंत्यांनी त्याच्या घरी जाऊन ती उभी केली, आणि ज्याने तीस वर्षांपूर्वी कागदावर भूस्थिर उपग्रह मांडला होता तो आपल्या घरात बसून बिहार-ओडिशाच्या शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम पाहू लागला. नळ्या बदलायला वर कुणी गेलेलं नव्हतं. नात पाळण्यात पाहावी तसा तो प्रसंग असणार.

अहमदाबादचा आणखी एक धागा इथेच सांगायला हवा. साइटच्या थोडंसं आधी, तिथल्या एका परिषदेत कंटाळवाणं व्याख्यान चालू असताना जयंत नारळीकरांनी समोरच्या कागदावर एक गोष्ट लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. आपलं नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून गोष्ट पत्नी मंगला यांच्याकडून लिहवून घेतली. 'कृष्णविवर' नावाच्या त्या कथेला 1974 मध्ये पहिलं बक्षीस मिळालं. नारळीकरही जन्माने कोल्हापूरचेच. म्हणजे एकाच शहरात, एक-दोन वर्षांच्या अंतराने, कोल्हापूरचे दोघे आभाळाकडे बघत होते, एक खुराड्याची जाळी घेऊन आणि एक परिषदेचा कोरा कागद घेऊन.

अमेरिकेत या दोन गोष्टींची, कथेची आणि यानाची, गाठ टीव्हीने कधीच बांधली होती. 'स्टार ट्रेक' ही मालिका सप्टेंबर 1966 मध्ये सुरू झाली आणि 3 जून 1969 ला प्रेक्षक पुरेसे नाहीत म्हणून बंद पडली. त्यानंतर 47 दिवसांनी माणूस खरोखरच चंद्रावर उतरला. मालिका मेली, पण तिचे चाहते मेले नाहीत. 1976 मध्ये नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ठरलं होतं. हजारो चाहत्यांनी व्हाइट हाउसला पत्रं पाठवली आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ते बदलून मालिकेतल्या यानाचं नाव दिलं, 'एंटरप्राइझ'. यान हँगरबाहेर आणलं तेव्हा मालिकेतले नट समारंभाला हजर होते. मालिकेत उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांना पुढे नासाने स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांच्या अंतराळवीर-भरतीच्या मोहिमेत उतरवलं. हे 'एंटरप्राइझ' मात्र अवकाशात कधी गेलंच नाही. हवेतून उतरण्याच्या चाचण्यांपुरतं ते होतं. नाव दूरचित्रवाणीचं, काम सरावाचं.

त्याची धाकटी बहीण 'चॅलेंजर' मात्र आपल्या कुळकथेत थेट येते. 1982 चा आपला इन्सॅट-1ए उपग्रह काही महिन्यांतच निकामी झाला. मग 30 ऑगस्ट 1983 ला चॅलेंजर उडालं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटातून इन्सॅट-1बी बाहेर सोडला गेला. आपल्या गावागावांत त्यानंतर जे लघुप्रक्षेपक बसले, ज्यांच्यावरून 'हम लोग' आणि 'रामायण' आलं, त्यांना दिल्लीचं चित्र पोचवणारा तो हाच. पत्र्यावर तेव्हा अजून छत्री नव्हती, माशाच्या काट्यासारखी ॲल्युमिनियमची अँटेना होती. छत्री प्रक्षेपकाच्या आवारात, कुंपणामागे.

आणि त्या काट्यांतून, ऐंशीच्या दशकातल्या रविवारी सकाळी, आपल्या दूरदर्शनवर जुनी 'स्टार ट्रेक' आली. इंग्रजी निम्मं कळत नसे. टोकदार कानांचा स्पॉक कळे. मग आपल्याच मालिका आल्या: 'स्पेस सिटी सिग्मा'; 1989 ची 'इंद्रधनुष', ज्यात मुलं संगणक जुळवतात; 1998 ची केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम', ज्यात चंदेरी पोशाखात आपला मिलिंद सोमण ग्रहाग्रहांवरचे कैदी पकडत हिंडे. नव्वदच्या दशकात नारळीकरांची 'ब्रह्मांड' आली, आणि 'टर्निंग पॉइंट'मध्ये साइटवाले यशपाल मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देताना दिसू लागले. व्योमची यानं पुठ्ठ्याची वाटत, हे तेव्हाही सगळ्यांना दिसे. पण ती ज्या वाटेने घरात येत होती ती वाट खरी होती.

इथेच आपला आणि त्यांचा फरक आहे. अमेरिकेत आधी गोष्ट आली, मग यान, आणि यानाला गोष्टीचं नाव. आपल्याकडे उपग्रह आधी खेड्यात गेला तो बियाणं आणि जुलाबावरचा उपाय सांगायला. गोष्टी मागून, त्याच्याच पाठीवर बसून आल्या. म्हणून आपल्याकडे या थाळ्यांना कुणी यानांची, ताऱ्यांची नावं दिली नाहीत. कामाला आलेल्या वस्तूला माणूस कामाचं नाव देतो.

छत्री कुंपणाबाहेर पडली ती 1991 पासून. आखाती युद्ध चालू होतं, हॉटेलांच्या गच्चीवर मोठाल्या थाळ्या लागल्या, पाठोपाठ स्टार टीव्ही आला आणि ऑक्टोबर 1992 मध्ये झी. गल्लीतल्या केबलवाल्याने गच्चीवर आठ-दहा फुटी जाळीची थाळी बसवली आणि दोन्ही बाजूंच्या खांबांवरून वायरी सोडल्या. केबलवाल्यांच्या या थाळ्या ज्या उपग्रहाकडे बघत होत्या त्या एशियासॅट-1 ची जन्मकथा विज्ञानकथेलाही लाजवेल अशी आहे.

मुळात तो वेस्टार-6 नावाचा अमेरिकी उपग्रह. फेब्रुवारी 1984 मध्ये चॅलेंजरमधूनच सोडला, पण त्याची मोटर नीट जळली नाही आणि तो भलत्याच, खालच्या कक्षेत घुटमळत राहिला. विमा कंपन्यांनी भरपाई दिली आणि तो त्यांच्या मालकीचा झाला. नोव्हेंबर 1984 मध्ये डिस्कव्हरी शटल त्याला आणायला वर गेलं. जो ॲलन आणि डेल गार्डनर हे दोन अंतराळवीर यानाबाहेर पडले आणि त्यांनी तो, आणि त्याच्यासारखाच फसलेला दुसरा एक, हातांनी धरून शटलच्या पोटात घातला. काम झाल्यावर त्यांनी 'विकणे आहे' अशी पाटी हातात धरून फोटो काढला. पृथ्वीवर आणून त्याची डागडुजी झाली, हाँगकाँगच्या कंपनीने तो घेतला, आणि 7 एप्रिल 1990 ला चीनच्या लाँग मार्च अग्निबाणाने तो पुन्हा वर गेला. आपल्या गल्लीत झी टीव्हीची पहिली वर्षं ज्याने दाखवली तो माणसाच्या हातांनी अवकाशातून परत आणलेला, जुन्या बाजारातला माल होता. सुरतच्या कापड बाजारात 'सेकंड'चा माल ओळखणारे लोक आहेत. त्यांना हे सांगितलं तर ते किंमत विचारतील.

पुढची गोष्ट छत्री लहान होण्याची. साइटची लहर 35 सेंटिमीटरची. केबलवाल्याची, सी-बँडची, साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. आणि घरगुती छत्रीची, केयू-बँडची, अडीच सेंटिमीटरची. लहर जेवढी आखूड तेवढी छोटी थाळी तिला नेमकी झेलते. वरचे उपग्रहही दमदार झाले. पण लहर आखडली तशी जाळीची चैन संपली. इंचभराची लहर इंचभराच्या भोकातून निसटते, म्हणून आता सलग पत्राच हवा. आणि या आखूड लहरीला पावसाचे थेंब शोषून घेतात, विखरून टाकतात. म्हणून जुलैत दक्षिण गुजरातेत आभाळ फाटतं तेव्हा पडद्यावर चौकोन चौकोन होतात आणि सिग्नल नसल्याची पाटी येते. खुराड्याच्या जाळीला या पावसाचं एवढं भय नव्हतं. लहान होताना छत्रीने पावसाशी वैर पत्करलं.

दूरदर्शनची बिनपैशाची सेवा, तेव्हाची डीडी डायरेक्ट प्लस, 16 डिसेंबर 2004 ला सुरू झाली. त्या दिवशी कोलंबोत आर्थर क्लार्कचा 87 वा वाढदिवस होता. हा निव्वळ योगायोग, पण कुळकथेत असे योगायोग नोंदवून ठेवायचे असतात.

पलसाण्याच्या खोल्यांवर ही छत्री का लागते, याचं उत्तर मात्र अवकाशात नाही. सुरतेत मनोऱ्यावरून येणारं दूरदर्शन गुजराती आणि हिंदी असायचं. मराठी ऐकायची तर गावी जायचं, नाहीतर आकाशवाणीची जळगाव केंद्राची खरखर लावायची. 1994 मध्ये दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावर गेली, तीच पुढची सह्याद्री. 1999 मध्ये अल्फा मराठी आली. आता एक छत्री विकत घेतली की महिन्याला एक पैसा न देता सह्याद्रीवरच्या बातम्या, गणपतीतली आरती, शेतमालाचे भाव, सगळं खोलीत. भाषावार राज्यांच्या सीमा नवापूरला थांबतात. उपग्रहाला नवापूर दिसत नाही. साइटमध्ये मराठी नव्हती, तो हिशोब अशा रीतीने तीस वर्षांनी भलत्याच ठिकाणी फिटला.

ज्या खोलीवर छत्री बसताना पाहिली, तिथली म्हातारी दारात बसून पालक निवडत होती. तिला विचारलं, हे चित्र कुठून येतं माहीत आहे का? तिने छत्रीकडे पाहिलंही नाही. "गावकडतून," म्हणाली. मी उपग्रहाचं काही सांगायच्या बेतात होतो, पण आतून सह्याद्रीवरचं हवामान सुरू झालं आणि तिने मला हाताने गप्प केलं. धुळ्यात पाऊस आहे का ते तिला ऐकायचं होतं.

आता छत्रीचेही दिवस उतरायला लागले आहेत. पोरं मोबाइलवरच सगळं बघतात. त्याच ओळीच्या टोकाला एक गंजलेली छत्री पत्र्यावरून काढून भिंतीशी उताणी टाकली होती. पाणी साठलं होतं तिच्यात, आणि चार कोंबड्या कडेवर चोच आपटत ते पीत होत्या. खुराड्याच्या जाळीतून निघालेलं घराणं पन्नास वर्षं आभाळ हिंडून कोंबड्यांच्या दारी परत आलं होतं. बाकीच्या आठ अजून पत्र्यावर होत्या, सगळ्यांची तोंडं आग्नेयेला.